कादंबरीबाईंची कडी

कादंबरीबाई जिवंत होत्या तेव्हा त्यांच्या पुस्तकांवर धूळ बसायची, आणि त्या गेल्यावर ती धूळ पुसायला झुंबड उडाली. माणसाची किंमत कळायला माणसाला मरावं लागतं म्हणतात, पण इतकं मरावं लागतं हे बाईंनाही ठाऊक नसावं. आता कॉलेजातल्या पोरींच्या पिशव्यांवर बाईंचा चेहरा असतो. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, डोक्याला मेंदी थापून बसल्या जागी बायका ‘आतून कडी’ वाचतात आणि डोळे टिपतात. एकीनं तर म्हणे बाळंतपणाच्या खोलीत पुस्तक उघडलं आणि डॉक्टरला सांगितलं, “एवढं प्रकरण होऊ द्या.” मूल शहाणं, थांबलं.

कादंबरीत आहे काय, तर एक बाई खोलीत जाते, आतून कडी लावते आणि पुस्तक संपेपर्यंत विचार करते. मधलं एक वाक्य पूर्णविराम न घेता तीन पानं चालतं. त्या काळच्या समीक्षकांना त्यात धाप लागली. आजच्या पोरी तेच वाक्य एका दमात पाठ म्हणतात. त्याच्या पोटात कुठंतरी येतं, ‘दाराबाहेर एक मूल रडतं आहे, रडू दे’. हे शब्द आता चहाच्या कपांवर मिळतात.

ते मूल सध्या साठीपार होतं, गुडघ्यांनी हैराण होतं आणि बाजाराच्या टोकाला खिळे, स्क्रू, बिजागऱ्यांचं दुकान चालवत होतं. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणे. आईच्या पुस्तकाचं एक पानही मावशींनी उघडलं नव्हतं. “ते आतून लिहिलंय,” म्हणायच्या, “मला बाहेरून पाठ आहे.”

आणि दैवाची थट्टा बघा, वाचक येत ते नेमके मावशींच्याच दुकानात. कादंबरीतल्यासारखी जाड पितळी कडी गावात दुसरीकडे मिळत नसे. ज्या घराला दारं कमी त्या घरातल्या बायकासुद्धा कडी घेऊन जात.

“मावशी,” समोरचा सायकलवाला पंक्चर काढता काढता ओरडे, “तुमच्या आईनं साहित्याची केली नसेल एवढी सेवा हार्डवेअरची केली!”

“तू आपला हवा भर,” मावशी म्हणत, “तोंडातली सोडून.”

पण आतून त्या जळत. त्यांना काही फार नको होतं. एवढ्या लाखभर वाचकांतल्या एकानं, फक्त एकानं, पुस्तक मिटून म्हणावं, “अरेरे, त्या पोरीचं पुढं काय झालं?” बस.

म्हणून वाचकमंडळानं वाचनालयात त्या तीनपानी वाक्यावर चर्चा ठेवली तेव्हा मावशी दुकानाचं शटर ओढून गेल्या आणि मागच्या खुर्चीत बसल्या. अध्यक्षस्थानी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची त्यांना सवय.

“दाराबाहेरचं मूल म्हणजे अर्थातच बाईंचं स्वतःचं दडपलेलं बालपण,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते प्रतीक आहे.”

“आत्म्याचं,” कुणीतरी पुरवणी जोडली.

मावशी उठल्या. गुडघा कट्कन वाजला. “प्रतीक नाही. मी होते ते.”

सगळ्या माना वळल्या.

“माझ्या नाकात बटण अडकलं होतं. सदऱ्याचं. मीच घातलं होतं, पण म्हणून काय झालं? श्वास कोंडला. दार बडवलं, आई आई म्हणून टाहो फोडला. आतून आवाज आला, ‘हे वाक्य होऊ दे.’” मावशींनी पुढच्या बाईच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. “आणि वाक्य कुठलं, तर हे! तीन पानांचं! शेजारच्या काकूंनी भिंतीवरनं उडी टाकून मला उलटी टांगली, पाठीत धपाटे घातले, तेव्हा बटण निघालं. आई बाहेर आली ती थेट जेवणाच्या वेळी. म्हणाली, ‘काय गं, रडत होतीस वाटतं?’”

मावशींना वाटलं, आता. आता कुणीतरी पुस्तक मिटणार.

पुढून एक टाळी वाजली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहून टाळ्या पिटू लागलं. “काय निष्ठा!” डॉक्टरीणबाई रुमालानं डोळे पुसत म्हणाल्या. “जगानं दार ठोठावलं, पण वाक्य तुटलं नाही! मावशी, ते बटण आहे का हो तुमच्याकडे?”

बटण नव्हतं. पण पुढच्या सभेला सगळ्याजणी गळ्यात दोऱ्याला एकेक बटण ओवून आल्या, आणि गावातल्या शिंप्यांना सदरे उघडेच शिवायची पाळी आली. कड्यांचा खप दुप्पट झाला. मावशींनी सत्य सांगून आईला आणखी एक मजला चढवून दिला होता. आपल्या हातानं, आपल्या खर्चानं.

अशा दिवसांत एक नर्स कडी घ्यायला आली. गळ्यात बटण होतंच. बोटाला धरून पाच-सहा वर्षांची चिमुरडी.

“रुग्णालयातून आलं की जरा वेळ दार लावून वाचते,” नर्स म्हणाली. “नाहीतर डोकं फुटेल माझं.”

मावशी काउंटरवरून वाकल्या. “आणि तू गं? आई आत असते तेव्हा तू काय करतेस?”

“वाट बघते,” चिमुरडी म्हणाली.

सापडली! आपल्या गणगोतातली सापडली एक! मावशींनी कडी कागदात बांधली आणि बरोबर मुद्दाम आखूड स्क्रू दिले. इतके आखूड, की पोरीनं दाराला एक हिसका दिला की कडी हातात यावी. मग आठवडाभर रस्त्याकडे डोळे लावून बसल्या.

नर्स आलीच. तावातावानं. “काय हो मावशी, हे स्क्रू का टाचण्या? निघाली की कडी!”

“पोरीनं ओढली?” मावशींनी श्वास रोखून विचारलं.

“ती कशाला ओढेल? तिला माहीत असतं मी येणार म्हणून. माझाच हात लागला, बाहेर येताना.”

“पण वाट बघते म्हणाली ना ती?”

“बघते की. आत वाचलेलं मी बाहेर येऊन तिला वाचून दाखवते. ते लांबलचक वाक्य तर तिला अर्धं पाठ झालंय. म्हणून दाखव गं आजीला.”

चिमुरडीनं हात पाठीमागे बांधले, छाती भरून घेतली आणि सुरू केलं. मावशींनी लांब स्क्रू काढायला खण उघडला होता, तो उघडाच राहिला. खिडकीतला उजेड, टेबलावर सरकणारी सावली, बाईच्या मानेवरचा घाम, आणि मग ते आलं, ‘दाराबाहेर एक मूल रडतं आहे, रडू दे’. यापुढचं मावशींनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी कान टवकारले. आता कुणीतरी उठेल. आता कडी वाजेल.

वाक्य पुढं गेलं. छपराच्या पत्र्यावर उतरलेल्या पाखरांकडे गेलं, त्यांच्या नखांच्या बारीक खरखरीकडे, बाईच्या बोटांत साचलेल्या शाईकडे, आणि कितीतरी वर्षांपूर्वी एका पुलावर तिला लागलेल्या वाऱ्याकडे. मूल पुन्हा आलं नाही. एकदाही नाही. समोर सायकलवाल्यानं पंप थांबवला होता.

चिमुरडीचा श्वास संपला. “पुढचं अजून यायचंय,” ती म्हणाली.

मावशींना वाटलं, अजून थोडं हवं होतं. आणि असं वाटल्याचा त्यांना जेवढा संताप आला, तेवढा साऱ्या जन्मात आईचासुद्धा आला नव्हता. त्यांनी लांब स्क्रू मूठभर काढून नर्सच्या ओंजळीत ओतले.

“घ्या,” म्हणाल्या. “हे नाही निघायचे.”