कात्सुजीचं कोरं कार्ड

जुलै-ऑगस्टची उन्हाळी सुट्टी लागली की रोज सकाळी साडेसहाला मैदानात रेडिओवरचा कवायतीचा कार्यक्रम लावायचा आणि त्याच्या तालावर अख्ख्या गल्लीने व्यायाम करायचा, हे ठरलेलं. म्होरकी तोमोए. ती चौथऱ्यावर लोकांकडे तोंड करून उभी राहते. रेडिओ 'उजवा हात' म्हणाला की ती मुद्दाम डावा उचलते, म्हणजे समोरच्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. शेवटी हजर माणसाच्या कार्डावर एक शिक्का. आला नाही, तर शिक्का नाही. त्यात ती सख्ख्या भावाचीही गय करत नाही.

नवऱ्याची तर मुळीच नाही. कात्सुजी न्हावी. वसंतात जिन्यावरून पडला आणि उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरपर्यंत हात डोक्याइतका वर गेला नाही तर कात्री विसरा. तेव्हापासून मैदानातल्या चौथऱ्यामागचं त्यांचं दुकान बंद होतं आणि तोमोएच्या जिवाला घोर लागला होता.

"अहो, चला ना. चार माणसांत हुरूप येतो."

"गिऱ्हाइकांसमोर हा लुळा हात नाचवू? तूच नाच."

कार्ड कोरंच राहिलं. पण ऑगस्टच्या मध्यावर एकदा वरच्या फळीवरचा, दोन्ही हातांनीच उतरणारा चहाचा मोठा डबा खाली आलेला दिसला.

"कोणी काढला हा?"

"स्टुलावर चढलो."

तोमोएने स्टूल पाहिलं. त्यावर बोटभर धूळ! मग रोज सकाळी त्याचा टॉवेल घामाने भिजलेला सापडू लागला. घरात लोळणाऱ्या माणसाला सातच्या आत घाम कसला येतो? विचारलं तर म्हणे, "उकडतंय." तिला काही चैन पडेना.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी कात्सुजी मुकाट्याने येऊन मागच्या रांगेत उभा राहिला. रेडिओ 'उजवा' म्हणाला. सगळ्यांचे उजवे हात वर गेले, याचा डावा.

शेजारच्या सुगाईबाई खिदळल्या. "अहो, उलटं! दुसरा हात!"

"बरोबरच आहे माझं! महिनाभर असंच करतोय मी."

असंच? रेडिओच्या उलट हात उचलणारी इथे एकटी तोमोए. तिचा डावा तो आपला डावा, असं शिकायला माणूस तिच्या पाठीमागेच हवा. तिने वळून पाहिलं. दुकानाच्या माडीवरची खिडकी, अर्धा सारलेला पडदा. आणि ती समजत होती की हा अजून अंथरुणात आहे! तिला भरून आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा ताल चुकला.

शिक्क्याच्या वेळी त्याने कार्ड पुढे केलं. तिने एकच शिक्का मारला.

"एवढाच?"

"आलात किती दिवस? आणि चोरून मागून कशाला?"

"पुढून तू डोळे वटारतेस."

"हात वर करा बघू."

उजवा हात हळूहळू वर आला, तिच्या डोक्यापर्यंत. तिच्या मानेवरची एक बट त्याने दोन बोटांत धरली.

"महिनाभर बघतोय. फार वाढलेत. उद्या नऊला दुकानात ये."