कवळीवाल्याचा डोंगर

"हा काय डोंगर आहे? कवळी आहे कवळी! बोगद्यातून गाडी बाहेर आली की वाटतं, कुणीतरी जांभई देतंय."

ड्रायव्हर खाटेवर उशांना टेकून बोलत होता. समोरच्या लांबलचक टेबलावर त्याची छोटी रेल्वे मांडलेली होती. रूळ, पूल, सिग्नल आणि हातभर लांबीची मालगाडी. नोकरीभर ज्या घाटातून त्याने खरी मालगाडी उतरवली, तोच घाट त्याला घरात हवा होता. रूळ त्याने स्वतः जोडले. मग डोक्यात गाठ निघाली, डॉक्टरांनी हात टेकले आणि डोंगराचं काम शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं.

शेजारी म्हणजे कवळीवाला. हे नावही ड्रायव्हरनेच ठेवलेलं. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करण्यात या माणसाचा जन्म गेला. प्लास्टर कालवावं तर यानेच. पण घोडं तिथेच पेंड खात होतं. भांड्यात प्लास्टर कालवलं की सवयीने हात भांडं आपटून बुडबुडे घालवायचा. चुरगळलेल्या चंदेरी कागदाच्या साच्यातून खडक निघाला, की सुरी आपोआप त्याच्या कडा गोल करायला धावायची. ज्या बोटांनी कधी कुणाच्या हिरडीला टोचू दिलं नाही, ती आता कुणाचं ऐकणार? वर सोडलेलं काळपट रंगाचं पाणी त्या गुळगुळीत अंगावरून ओघळून जायचं आणि मागे उरायची एक मळकी दाढ.

"खडक तुटलेला असतो रे बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "तू घडवत बसतोस."

"मग तूच ये आणि तोड."

"येतो ना. आधी मला उठव तर!"

दारात उभ्या वहिनी, ड्रायव्हरची बायको, हसल्या आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या.

कवळीवाल्याला राग यायचा, तरी दुसऱ्या दिवशी तो हजर व्हायचा. बायको गेल्यापासून त्याच्या घरात त्याला नावं ठेवणारंही कुणी उरलं नव्हतं. ड्रायव्हर जाण्याआधी त्याच्या तोंडून एकदा 'जमलं' एवढं ऐकायचं, बाकी काही नको.

पुढे ड्रायव्हर दिवसचे दिवस झोपून राहू लागला. अशाच एका दुपारी स्वतःच्या घरी काम करताना कवळीवाल्याच्या हातून प्लास्टरची लादी निसटली आणि फरशीवर फुटली. स्वतःलाच शिव्या घालत तो केरसुणी घेऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला. तुटलेल्या कडा खडबडीत होत्या, थराथरांच्या, धारदार. सुरीने जे साधलं नव्हतं, ते फरशीने एका दणक्यात करून दाखवलं होतं.

मग त्याने घट्ट प्लास्टर कालवलं. भांडं आपटायला हात उचलला गेला, तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. लाद्या वाळल्या की एकेक खाली सोडायची. खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, "काका, काय पडलं?" "डोंगर," तो म्हणाला. ती काळजीने बघतच राहिली. तुकडे त्याने असे चिकटवले की सगळे थर एकाच बाजूला झुकावेत. काळं पाणी सोडलं, ते भेगांत मुरलं. कडा तेवढ्या फिकट राहिल्या. त्याला हसू फुटलं. आता बोल म्हणावं लेका!

जुन्या चादरीत गाठोडं बांधून तो ड्रायव्हरकडे गेला. दार वहिनींनी उघडलं.

"आज डोळे उघडलेत, भाऊजी. पण..." त्या बाजूला झाल्या.

गाठोडं खुर्चीवर ठेवून तो गाठ सोडणार, तोच ड्रायव्हरने टेबलाकडे बोट केलं. तिथे अजून जुनाच डोंगर उभा होता, गोल गोल, मळका.

"काय सुरेख जमलाय हो डोंगर! अगदी खराच. तुम्ही केलात का?"

कवळीवाल्याचा हात गाठीवरच थांबला. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"हो," तो कसाबसा म्हणाला. "मीच केला."

"छान केलात. गाडी चालते का यातून?"

"चालते की."

त्याने बटण दाबलं. मालगाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, पुलावरून वळली. ड्रायव्हर लहान मुलासारखा हसला.

"सोडा ना गाठोडं," वहिनी हळूच म्हणाल्या. "काय आणलंत?"

"राहू दे, वहिनी."

गाठोडं मांडीवर घेऊन तो खुर्चीत बसला. कडा चादरीतून हाताला टोचत होत्या. गाडी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहिली. ड्रायव्हर तिच्याकडे कौतुकाने बघत होता आणि कशालाच नावं ठेवत नव्हता.