आकडा मागितला, आकडा दिला

चहा कपात पडायच्या आत नवऱ्याने विचारलं, “साखर किती आली?”

“एकशे बत्तीस,” ती म्हणाली.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहिला आणि पेपर उघडला. आकडा खोटा होता. एकोणीस दिवस तिने बोटाला सुई लावली नव्हती. रोज एकच आकडा सांगितला तर संशय येईल, म्हणून कधी एकशे अठरा, कधी एकशे एकेचाळीस. इन्सुलिनही मनाला येईल तेव्हा आणि अंदाजाने.

ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर काउंटरमागे उभी राहून लोकांना सांगायची, “डोस चुकवू नका, वेळ पाळा.” वयाच्या नवव्या वर्षी तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला; यात शरीर इन्सुलिनच बनवत नाही. आता ती सत्तेचाळीस वर्षांची. मधल्या अडतीस वर्षांत टोचणं, मोजणं, घास तोंडात घालण्याआधी हिशोब करणं एक दिवसही चुकलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. साखर नीट असली की कुणी काही बोलत नसे. बिघडली की डॉक्टर विचारत, “काय खाल्लं होतं?” थोरली बहीण म्हणे, “तू तर औषधवाली, तुला कळायला नको?” एका गिऱ्हाइकाने तर ऐकवलं होतं, “मलाही साखर होती. चालायला लागलो आणि गेली.” तिने हसून त्याला सुटे पैसे परत दिले होते.

एकोणीस दिवसांपूर्वी सुई हातात घेतली आणि हात पुढे जाईना. दुखतं म्हणून नव्हे. आकडा काहीही आला तरी उद्या पुन्हा हेच, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिने सुयांची डबी कपाटात ढकलली.

विसाव्या दिवशी दुपारी ती दुकानातच ओकली. श्वास जोरजोरात चालू झाला, जीभ कोरडी पडली. मालकाने रिक्षात घालून तिला इस्पितळात नेलं. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल चढलं होतं. आणखी चार तास गेले असते तर हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली तेव्हा नवरा खाटेशेजारी होता. त्याच्या हातात तपासण्यांचे कागद होते.

“तीन आठवडे मी कॅलेंडरात काय लिहीत होतो?” त्याने विचारलं. “मला फसवलंस तू.”

“तू आकडा मागत होतास,” ती म्हणाली. “मी आकडा दिला. मी कशी आहे, हे तू विचारलंच कधी?”

“काळजी वाटते म्हणून विचारत होतो ना?”

दाराशी उभी असलेली बहीण मध्येच म्हणाली, “लहान आहेस का आता? स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं करतेस.”

वॉर्डातल्या सिस्टर सलाइनची बाटली बदलत होत्या. वय साठीला टेकलेलं, अशा रुग्णांत तीस वर्षं गेलेली. त्यांनी बहिणीकडे पाहिलंही नाही. खाटेवर बसलेल्या तिच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, “दमलीस ना ग?”

अडतीस वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. ती रडली नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सिस्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावलं. “साहेब, नोकरीत रविवार असतो की नाही? हिला एक तरी मिळालाय का? आळशी नाही हो ही, थकली आहे. हा थकवाही या आजारात येतो, त्यालाही उपचार असतात. तुम्ही करता ती काळजी खरी, पण हिला तो पहारा वाटतो. पहाऱ्यात माणूस खोटं बोलायला शिकतं.”

“मग मी काय करू?”

“चार दिवस तिच्यासारखं जगा. दिवसातून पाच वेळा बोट टोचा, प्रत्येक घास मोजा, सगळं लिहून ठेवा. मग बोलू.”

त्याला ते पोरकट वाटलं, पण त्याने केलं. पहिल्या दिवशी नीट जमलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये विसरला. तिसऱ्या दिवशी सुईचा राग आला, चौथ्या दिवशी बायकोचा. संध्याकाळी तो तिच्या खाटेशी येऊन बसला.

“चार दिवसांत सात वेळा चुकलो,” तो म्हणाला. “आणि मला तर आजारही नाही. मला माफ कर.”

“बघते,” ती म्हणाली.

सगळं गोड झालं असं नाही. डाव्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती. ती भरून येणार नव्हती. बहीण अजून फोनवर तेच बोलते. पण डॉक्टरांनी सुरुवातीला दिवसाला बोटाच्या दोनच तपासण्या ठरवून दिल्या, दंडावर साखर मोजणारं यंत्र लावलं आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे पाठवलं. दर रविवारी यंत्राकडे लक्ष ठेवणं आणि जेवणाचा हिशोब नवरा करतो. कधी चुकतो. मग दोघं मिळून निस्तरतात.

वाचकहो, असं माणूस तुमच्या-आमच्याही घरात असेल. त्याच्या ताटावर नजर ठेवणं सोपं असतं. त्याच्या ओझ्याला एक हात लावणं अवघड, पण कामी तेच येतं. जो आजार सुटी देत नाही, त्याच्या रुग्णाला निदान आपण तरी आरोपी करू नये.

ती कामावर परतल्यावर महिन्याभराने एक बाप काउंटरशी आला. मुलीची पहिलीच इन्सुलिनची चिठ्ठी. मुलगी बापाच्या मागे उभी होती, आठ-नऊ वर्षांची.

“शिस्त लावली की होईल ना नीट?” बापाने विचारलं.

तिने औषध थंड पिशवीत ठेवलं, पिशवी त्याच्या हाती दिली आणि काउंटरवरून वाकून मुलीकडे पाहिलं.

“एक दिवस तुला याचा भयंकर कंटाळा येईल,” ती म्हणाली. “तेव्हा लपवू नकोस. बाबांना सांग. आणि बाबा, त्या दिवशी तुम्ही रागावू नका.”

बापाला काही कळलं नसावं. मुलीने मात्र मान हलवली.