आत्याला कुणी विचारलंच नाही

“आईकडे कुणाला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कुणालाच नाही. आजी, आई, मावशी, सगळ्या ठणठणीत. मावशी तर अजून रोज भांडते.”

मी आले होते रक्तदाब दाखवायला. पण आमच्या या छोट्या दवाखान्यात हल्ली पस्तिशीपुढच्या बायकांना एक फॉर्म भरावा लागतो. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का? मी बिनधास्त ‘नाही’ सांगून मोकळी झाले होते.

“आणि वडिलांकडे?”

“त्यांचं कशाला? बायकांचं दुखणं आईकडूनच येतं ना?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “वडिलांकडूनही तेवढंच येतं. आत्या आहेत?”

मला आत्या दोन. मी बायकांचे कपडे शिवते. धाकट्या आत्याचं शिवण पहिल्यापासून माझ्याकडेच. तिच्या ब्लाउजला डाव्या बाजूला आतून कापूस भरते. तिने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. थोरली आत्या ‘आजारपणात’ गेली, एवढंच घरात बोलतात. आणि मी सदतीस वर्षांची, घरी बारा वर्षांची लेक!

मी हे सांगितलं, तर बाईंना दोघींची आजाराच्या वेळची वयं हवी होती. मी तिथूनच धाकटीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

“आत्या, दवाखान्यातून बोलतेय. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तू केवढी होतीस गं?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, ठेवला फोन.

“एकोणचाळीस,” ती म्हणाली. “थोरली चव्वेचाळीस. तुला काही झालंय का?”

“नाही गं, फॉर्म भरतेय.”

“मग इतकी वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? म्हटलं, ही माप घेता घेता तरी विचारेल!”

मला हसू आलं, लाजही वाटली.

“तुम्हाला होईलच असं नाही,” बाई म्हणाल्या. “पण तज्ज्ञांकडे चिठ्ठी देते. तपासण्या कधीपासून करायच्या ते ठरवतील. वेळेवर कळलं, बरं झालं.” माझा जीव भांड्यात पडला.

“बाई,” फोनवरून आत्या म्हणाली, “माझं नाव लिहा. माहेरचं.”

बाईंनी ‘नाही’वर काट मारली आणि नाव लिहिलं.

“लिहिलं?”

“लिहिलं,” बाई म्हणाल्या.

“मग खाली थोरलीचंही लिहा. तिला विचारायचं राहूनच गेलं.”

बाईंनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. ते नाव मी लिहिलं.