कपाळाला लेव्हल

ऐका ना, आमचा एक फरशीवाला आहे. वय एकोणतीस, आणि हात असा, की त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर गोटी बिचारी जागची हलत नाही. पण धंदाच असा, की दिवसभर हा गुडघ्यांवर आणि घरमालक उभे. लोकांना याचा चेहरा दिसतच नाही, दिसतं ते थेट टक्कल. एकदा एक बाई फोनवर सांगत होत्या, "हो हो, काका बसवतायत फरशी." काका! बाई स्वतः पन्नाशीच्या! याने रबरी हातोडी खाली ठेवली आणि तिथल्या तिथे ठरवलं, बास, केस लावायचे.

मग काय, आठवडाभर मोबाइलवर नुसते टकलांचे व्हिडिओ. दोन पद्धती निघाल्या. एकीत डोक्याच्या मागून केसांसकट कातडीची पट्टी कापतात, टाके घालतात, आणि पट्टीतली मुळं सुटी करून पुढे लावतात. दुसरीत मागचं डोकं भादरून एकेक मूळ टोचून उचलतात.

"म्हणजे बघ ताई, एकीत सिमेंटसकट अख्खी ओळ उखडायची, दुसरीत एकेक टाइल सोडवायची," त्याने मोठ्या बहिणीला समजावलं. ताई शाळेची बस चालवते. चाळीस पोरांना आरशातून गप्प बसवणारी बाई, तिला कोण गंडवणार? धुळीपायी हा मागचे केस अगदी बारीक ठेवायचा, त्यामुळे पट्टीचा व्रण साऱ्या गावाला दिसला असता. तेव्हा एकेक मूळ, हे ठरलं.

"पद्धत ठरली, पण करणार कोण?" ताई म्हणाली. "मागचे केस एकदाच मिळतात हं. वाया गेले की हाती धुपाटणं."

"मला सांगतेस? एकदा संपली की त्या बॅचची टाइल परत मिळत नाही. डॉक्टर मी पारखूनच घेणार."

आणि याने पारखलं कसं माहितीये? फरशीवरून! पहिल्या क्लिनिकात शिरला आणि उभ्या उभ्या विरघळलाच. एवढा मोठा हॉल, पण दगडाची नक्षी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जुळलेली. हा चक्क गुडघ्यावर बसला, नाणं काढून टकटक वाजवलं. कुठेच पोकळ नाही!

"ताई, हेच. ज्याची फरशी अशी, त्याचा हात कसा असेल!"

"अरे, ती डॉक्टरने बसवली का?"

पण ऐकतो कोण. कोट घातलेला एक गुळगुळीत माणूस आला. याने खिशातून स्वतःच्या कपाळाचा फोटो काढला. त्यात कपाळावर मार्करने रेघ होती, आणि रेघ मारताना घरी कपाळाला खरोखरची, फरशीला लावतो ती लेव्हल लावली होती, बुडबुडा मधोमध आणून! कोटवाला म्हणाला, "वा! अगदी अशीच सरळ रेघ देऊ. पाच हजार मुळं. शुक्रवारी या."

"मुळं काढणार कोण?" ताईने मध्येच विचारलं.

"आमची टीम."

"आणि डॉक्टर?"

"सुरुवातीला येऊन जातात ना."

कोटवाला गोड हसला. ते हसू फरशीवाल्याला ओळखीचं वाटलं. त्याचा कॉन्ट्रॅक्टर असाच हसायचा, आणि साइटवर उगवायचा फक्त पहिल्या दिवशी आणि काम संपल्यावर फोटोच्या दिवशी. पण फरशी, हो! सही करायला पेन हातात घेतलंच होतं, तेवढ्यात ताईने कॉलर धरली. "आधी अजून एक डॉक्टर बघू. मग कर काय गोंधळ घालायचा तो."

दुसरं क्लिनिक जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचं. दारातच टाइल डुगडुगली आणि हा मागे वळला. "चल ताई. इथे नाही."

"फरशीवर केस उगवणार आहेत का तुझे?" ताई ओरडली. आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या डॉक्टर, साठीच्या, चष्मा कपाळावर.

"फरशी आधीच्या भाडेकरूची आहे," त्या म्हणाल्या. "डोकं आणा इकडे."

त्यांनी डोक्याच्या मागे भिंग लावलं, नखाएवढ्या जागेतले केस मोजले, चार ठिकाणी मोजले. "पाच हजार काढले तर मागूनही टक्कल पडेल. दोन हजार, त्याहून जास्त नाही. मुळं मी स्वतः काढते, ती रोवायच्या खाचा मी पाडते. मुळं भरायला दोघी मदतीला असतात, पण मी खोली सोडत नाही. पण आत्ता तर केस लावणारच नाही."

"का?"

"अजून गळतायत. आज पुढे लावले आणि मागोमाग मधले गेले, तर कपाळावर कुंपण आणि आत मैदान! स्लॅब वाळला नसताना फरशी बसवता तुम्ही?"

असं त्याला त्याच्याच भाषेत कोणी झापलं नव्हतं. "गिऱ्हाईक कितीही मागे लागलं, तरी नाही बसवत," तो पुटपुटला आणि रेघेचा फोटो तेवढा पुढे केला.

"मग मीही नाही. आठ महिने औषध घ्या, मग बघू. आणि ही रेघ? असं सरळ कपाळ कुणाचं असतं हो? वाकडी काढणार मी."

"वाकडी?!"

"वाकडी."

जिन्यातच त्याने कोटवाल्याला फोन करून शुक्रवार रद्द केला. "नाही म्हणणारा कारागीर पहिल्यांदा भेटला गं," तो ताईला म्हणाला. पण चेहरा असा, जणू त्या रेघेचं सुतक लागलंय.

आठ महिने झाले. गळती थांबली. खुर्चीत बसवून डॉक्टरांनी पेनने रेघ काढली. कुठे आत, कुठे बाहेर, एक कोपरा वर. याने आरशात पाहिलं आणि हात शिवशिवायला लागले. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसला बिचारा.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाल्या.

"मिटतो. फक्त ते डावीकडचं, दोनच मिलिमीटर..."

"डोळे!"

"बाहेर बस चालू ठेवलीये मी," दारातून ताई म्हणाली. "हा उठला तर सांगा, सीटबेल्ट आणते."

याने डोळे मिटले.