काकूंनी पंखा बंद केला तेव्हा

मी एक जुना लिथियम सेल आहे, मित्रांनो. बोटाएवढी उंची, अंगात हिरव्या प्लॅस्टिकचा झगा. लहान म्हणून हसू नका! आम्ही सहा जण मिळून अख्खा लॅपटॉप चालवायचो. नकाशे काढणाऱ्या एका बाईंकडे सहा वर्षं राबलो. कधी कोणी शाब्बास म्हटलं नाही. लॅपटॉप बंद पडला तेव्हा मात्र खापर आमच्याच डोक्यावर फुटलं आणि आमची रवानगी थेट भंगारात झाली.

तिथून आम्हाला एका काकांनी उचललं. टेलिफोन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसेनात. काकू शिवणकाम करायच्या, पण हल्ली सुईत दोरा ओवताना डोळे दगा द्यायचे. त्यांच्यासाठी काका गळ्यात अडकवायचा दिवा बनवत होते. त्यात एकच सेल मावणार होता. तो मीच, असं मी ठरवूनच टाकलं.

काकांनी आम्हाला मीटर लावला. दोघे पार तळाला गेले होते, त्यांना चार्जिंगला लावायचंच नाही, काका म्हणाले. एकाचा झगा फाटला होता, तोही बाद. मी पास! माझी छाती फुगली. म्हणजे नुसती म्हणायची हो. खरंच फुगलेला सेल दिसला तर लांब राहा.

मग मला मातीच्या ताटलीत ठेवून सावकाश चार्ज करायला घेतलं. काका शेजारीच बसून होते. दर दहा मिनिटांनी ते हाताची मागची बाजू मला टेकवायचे, आजारी मुलाचा ताप बघतात तशी. मी आपला गार. गार का नसणार? डोक्यावर पंखा भरधाव फिरत होता ना! ते काकांच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात काकू कडाडल्या. कपडे बेतायचे त्यांचे कागद खोलीभर उडत होते. त्यांनी खटकन पंखा बंद केला.

खरं सांगतो, आतली धग मला आधीपासून जाणवत होती. पण दिव्यात जायचा मोह सुटेना. आता ती लपेना. काकांनी हात टेकवला आणि झटकन चार्जर काढला.

"अगं, हा तापलाय! आणि मी हा तुझ्या गळ्यात अडकवणार होतो."

"मी पंखा बंद केला म्हणून कळलं तरी. आता कागद तुम्हीच गोळा करा."

काकांनी आधी मला ताटलीसकट बाहेर फरशीवर नेऊन ठेवलं. मग निमूटपणे कागद वेचत बसले. मला फार वाईट वाटलं, फार.

उरलेल्या दोघांना त्यांनी पंखा बंद ठेवून चार्ज केलं, तीन आठवडे नुसतं ठेवलं आणि पुन्हा मोजलं. एकाचा आकडा जागचा हलला नव्हता. तो दिव्यात गेला. मी बाहेरच्या फरशीवरून, उघड्या दारातून बघत होतो. काकूंनी दिवा गळ्यात घातला आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला.

आता माझ्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आहे. उद्या मला जुने सेल गोळा करतात तिथे नेणार आहेत. मित्रांनो, मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जुन्या सेलला हात लावू नका. त्याला चार्जिंगला लावून खेळायला पळू नका. तापला तर वारा घालून ताप झाकू नका, सरळ बाजूला काढा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. मलाही वाटलं होतं. पण काकूंचा दोरा ओवला गेला ना, मग झालं.