वाखाने धरून ठेवलेली भिंत

गारगोटीच्या पलीकडे एका वाडीत, उताराच्या रस्त्याला लागून एक शाळा आहे. मित्रांनो, त्या शाळेची मी जुनी दगडी भिंत.

काळा दगड आणि चुना वापरून गावानेच मला उभे केले. थंडीत मुले मला पाठ टेकून उन्हाला बसत. मग छपराची पन्हळ फुटली. पाणी माझ्यात मुरू लागले, सांध्यांतला चुना भुसभुशीत झाला. वरून मात्र रंग मिळत राहिला, म्हणून माझे दुखणे कुणाला दिसले नाही.

शेवटी खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली. "भिंत पाडा, मुलांना ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवा," असे लोक म्हणू लागले. मुख्याध्यापिका संयोगिताबाईंचा जीव खालीवर झाला. तेवढ्या लांब धाकट्या मुलींना कोण पाठवणार? त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, इंजिनियर अनुजाला बोलावले.

अनुजाने मला ठोकून पाहिले. "पाडायला नको. आधी पन्हळ बदला. मग घायपाताच्या वाखाची, त्याच्या पानांतल्या चिवट धाग्यांची, जाळी चुन्याच्या गिलाव्यात घालून दोन्ही अंगांनी बसवू."

गवंडी केरबा हसला. "वाखाच्या दाव्यानं बैल बांधत्यात, ताई. भिंत बांधत्यात व्हय?"

"जोराचा दणका बसला तर भिंत फुटेलच, काका. पण दगड ढासळायला वेळ लागेल. तेवढ्यात माणसं बाहेर पडतील."

तिने भिंतीचे दोन छोटे नमुने करून घेतले, एक वाखाचा, एक बिनवाखाचा. केरबाने दोन्हींवर घण घातला. बिनवाखाचा विखुरला. दुसऱ्याला चीर गेली, पण तुकडे एकमेकांना धरून राहिले.

"सोडंना की गं!" केरबा म्हणाला आणि कामाला लागला.

पुढच्या गळीत हंगामात बिद्रीच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची उसाने भरलेली ट्रॉली उतारावर सुटली आणि माझ्यावर आदळली. आत पोरांची पंगत बसली होती. मी आरपार तडकले, आत झुकले. पोटातला वाख ताणला गेला.

"पोरांनू, भाईर पळा!" खिचडी वाढणाऱ्या चिमणाबाई ओरडल्या. पोरे पळाली. सर्वांत धाकट्या मुलीला काखेत मारून चिमणाबाई सर्वांत शेवटी निघाल्या. तोवर मी एकही दगड सोडला नाही.

मित्रांनो, आता मी टेकूंवर उभी आहे. केरबा पुन्हा माझे सांधे भरतो आहे. तुमच्या शाळेच्या भिंतीवरूनही कधी हात फिरवा. ओल लागली, फुगवटा जाणवला, तर मोठ्यांना सांगा. ऐकले नाही, तर पुन्हा सांगा. आम्हाला हाक मारता येत नाही.